दुसऱ्या डिस्कवरची नावं

श्रीधर उमाळे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि चांगला करायचा, हे नागपुरात त्या लाइनमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तसे त्या लाइनमध्ये होते तरी किती? एकोणनव्वद साली अख्ख्या शहरात पंधरा-वीस जण. त्यातले निम्मे मशीन बंद करून परत चालू करायचे आणि झालं म्हणायचे. श्रीधर तसा नव्हता. तो आधी गप्प बसून मशीनचा आवाज ऐकायचा, मग माणसांना विचारायचा आणि शेवटी पेचकस हातात घ्यायचा. त्याचा मालक ओमप्रकाश, गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरातला. वडिलांच्या गादीवर बसायचं सोडून त्याने कॉम्प्युटर विकायचं दुकान काढलं होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "हमारा श्रीधर डॉक्टर आहे, डॉक्टर!"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धंतोलीतल्या सत्यवती स्मारक रुग्णालयातून फोन आला. फोन गोपिका निनावेचा होता. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत ती टायपिंग करायची.

"श्रीधरभाऊ, मशीन अडकून राहिलं. दोन मिनटं चालते, पाच मिनटं थांबते. अन् आतून कटकट आवाज येते. तुम्ही आत्ताच या."

श्रीधरने स्कूटरला किक मारली.

ते मशीन त्यानेच दीड वर्षापूर्वी बसवलं होतं. एक मोठा सर्व्हर आणि त्याला तारेने जोडलेले तीन छोटे कॉम्प्युटर. त्या तिघांच्या पोटात काहीच नव्हतं. जे काही टाइप व्हायचं ते तारेतून सर्व्हरमध्ये जाऊन साठायचं. सर्व्हरला दोन डिस्का होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. उद्घाटनाच्या दिवशी ओमप्रकाशने हे सगळ्या पाहुण्यांना हात जोडजोडून समजावलं होतं: "दोन डोळे आहेत साहेब, एक गेला तरी माणूस आंधळा होत नाही."

त्या डिस्कांवर होतं काय, तर सावनेर तालुक्यातल्या साडेआठ हजार माणसांची नावं. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मनोहरराव देशकर यांनी सिकलसेलची पाहणी हाती घेतली होती. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे धरतात, पोरं तापाने फणफणतात, असा हा आजार. ज्याच्या रक्तात दोष अर्धाच असतो तो धडधाकट दिसतो, त्याला स्वतःला काही होत नाही. पण तसाच अर्धा दोष असलेली बायको त्याला मिळाली तर पोराच्या वाट्याला पुरा आजार येऊ शकतो. म्हणून लग्नाआधी कळलेलं बरं.

हे काम गणपतराव नावाच्या आरोग्यसेवकाने अडीच वर्षं केलं होतं. एसटीच्या टपावर सायकल टाकून ते सावनेरला उतरत आणि मग केळवद, खापा, बडेगाव, पाटणसावंगी असं गाव न् गाव फिरत. माणसं आधी पळायची. गणपतराव पारावर बसून स्वतःच्या बोटाला सुई टोचून दाखवत, तेव्हा कुठे एकेक जण हात पुढे करी. माणशी तीन पानांचा फॉर्म: नाव, गाव, आईकडचं कोण, बापाकडचं कोण, कोणाला काय दुखणं. त्यावर एक नंबर. प्रयोगशाळेत फक्त नंबर लावलेली बाटली जायची, नाव नाही. कोणाच्या रक्तात काय आहे हे तिथल्या पोरांनी चहाच्या टपरीवर बोलू नये, असा डॉक्टरांचा कडक नियम. तो नियम चांगलाच होता. नाव आणि निकाल एकत्र यायचे ते फक्त गोपिकेच्या मशीनमध्ये.

अजून एकाही माणसाला निकालाची चिठ्ठी मिळाली नव्हती. डॉक्टरांना सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एकदमच, मोठा कार्यक्रम करून वाटायच्या होत्या.

श्रीधर खोलीत शिरला तेव्हा आत भट्टी होती. "एसी कुठं गेला?" त्याने विचारलं.

"डॉक्टरसाहेबांच्या केबिनमधी नेला," गोपिका म्हणाली. "उद्या दिल्लीचे पाहुणे येऊन राहिले. आपल्याले कूलर दिला, पण मी लावला नाही. पाण्याची वाफ मशीनले चालत नाही असं तुम्हीच सांगतलं होतं."

ती तिशीची, सडसडीत, चष्मेवाली बाई होती. गोळीबार चौकातल्या विणकरांच्या घरातली. वडिलांचा माग बंद पडल्यावर टायपिंगच्या परीक्षा देऊन ती इथे लागली होती. साडेआठ हजार माणसांचे तीन-तीन पानांचे फॉर्म तिने एकटीने मशीनमध्ये घातले होते.

श्रीधर खाली बसला. सर्व्हरच्या डब्याला कान लावला. कट्... कट्... आणि मग बारीक घरघर. डब्यावरच्या पडद्यावर कोणीतरी धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांचं कापड टाकलं होतं आणि पडदा बंद केला होता. त्याने कापड काढलं, पडदा लावला. पडद्यावर एक ओळ होती. तारीख अकरा नोव्हेंबर. दुसरी डिस्क जोडीतून बाहेर पडली आहे.

"बाप्पा," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय झालं?"

"हा पडदा कोणी बंद केला होता?"

"दिवाळीच्या साफसफाईत. बिनकामाचा जळून राहिला म्हणे. काहून?"

दुसरी डिस्क पाच महिन्यांपासून झोपली होती. साफसफाईत डबा सरकवताना तार सैल झाली होती, बाकी काही नाही. सगळा भार पहिल्या डिस्कवर आला होता आणि आता तीच कटकट करत होती. डोळे दोन होते खरे, पण एक नोव्हेंबरातच मिटला होता, आणि सांगणाऱ्याच्या तोंडावर कोणीतरी कापड टाकलं होतं.

श्रीधरने मनात आकडे मांडले. पहिल्या डिस्कवर साडेआठ हजार नावं. पण ती डिस्क आज जाते की उद्या, सांगता येत नव्हतं. दुसरीवर नोव्हेंबरपर्यंतची, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. पण ती ठणठणीत होती. आता पहिलीवरचं सगळं दुसरीवर उतरवायचं म्हटलं, तर दुसरीवरचं जुनं पुसत पुसत जावं लागणार. आणि मधेच पहिली मेली तर?

"टेपवर काढलेलं काही आहे?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. डिस्कवरच्या सगळ्याची नक्कल टेपवर काढून ठेवणारं मशीन या ऑर्डरमध्येच होतं. उद्घाटनाला ते दाखवलंही होतं. पंधरा दिवसांनी ओमप्रकाशने ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लावायला मागवून घेतलं. 'दुरुस्तीला नेतो' असं सांगून स्कूटरवर घेऊन जाणारा श्रीधरच होता.

गोपिकेलाही ते आठवत होतं.

"अन् ते कागदाचे फॉर्म?"

"ते फेब्रुवारीत रद्दीत गेले," ती म्हणाली. "फॉर्म होते ती कपाटं पाहुण्यांच्या खोलीत पाहिजे होती. मी म्हटलं साहेबांले, राहू द्या. ते म्हणाले, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं ना, मग आता हा कचरा कशाला?"

श्रीधर उठून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला. आत गारवा होता. डॉ. देशकर मोठ्या मनाचे गृहस्थ होते, गरिबाला फी विचारत नसत. पण एखादी गोष्ट आपल्या मनाजोगती झाली नाही तर ती समोरच्याच्या नालायकीमुळेच, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे.

"साहेब, मला एक दिवस पाहिजे," श्रीधर म्हणाला. "आज मशीनला हात लावायचा नाही. मी ऑफिसातून फ्लॉपीचं मशीन आणतो, वीस-पंचवीस फ्लॉप्यांवर सगळी नावं उतरवून घेतो. मग नवीन डिस्क टाकू."

"आणि उद्या पाहुण्यांसमोर ते असंच पाच-पाच मिनिटं अडकणार?"

"उद्या मशीन दाखवू नका, साहेब."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिल्लीहून माणसं ते मशीन बघायलाच येतायत, उमाळे. पुढच्या तीन तालुक्यांची मंजुरी त्यावर आहे. तुमच्या मालकांनी मला दोन डिस्क दिल्या त्या कशासाठी? एक बिघडली तर दुसरी आहे म्हणूनच ना? मग दुसरी लावा."

"दुसरी लावायची म्हणजे त्यावर आधी उतरवावं लागेल, आणि त्यात धोका—"

"तुम्हाला जमेल का नाही, एवढं सांगा. नसेल जमत तर मी मुंबईला फोन करतो, ते माणूस पाठवतील."

तेवढ्यात फोन वाजला. ओमप्रकाशचाच होता, डॉक्टरांनी सकाळीच त्याला झापलं होतं. डॉक्टरांनी रिसीव्हर श्रीधरकडे दिला.

"देख श्रीधर," ओमप्रकाश म्हणाला, "दुकानात एक डिस्क आहे, मले मालूम आहे. पण ती बँकेची आहे, परवा त्याईचं उद्घाटन आहे. ती नाही भेटणार. तू जुनीवरच उतरव यार. किती वेळ लागते?"

"दीड तास. पण भाऊ, मधात पहिली बसली तर दोन्ही जातीन."

"बसत नाही रे. तुझ्या हाताखाली आजपर्यंत बसली का कधी? डॉक्टर आहेस तू. कर."

श्रीधरने रिसीव्हर ठेवला. नाही म्हणायला त्याला तेव्हा फक्त दोन अक्षरं लागली असती. डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. मुंबईचा माणूस, हे शब्द त्याच्या कानात अजून होते. मुंबईचे लोक येत, टाय लावून, नागपूरच्या माणसाला 'हेल्पर' म्हणत आणि त्यानेच शोधलेला बिघाड आपल्या नावावर लिहून विमानाने परत जात. दोनदा त्याच्याबाबतीत असं झालं होतं.

"जमेल," तो म्हणाला.

खोलीत येऊन त्याने दुसऱ्या डिस्कची तार घट्ट बसवली. गोपिका मागे उभी होती. त्याने तिला काय करणार ते सांगितलं.

"श्रीधरभाऊ, मले एक सांगा," ती म्हणाली. "दुसरीवर नोव्हेंबरपर्यंतचं तर आहे ना? मग ती काढून कपाटात ठेवून द्या ना. सहा हजार तर सहा हजार. ते तर राहतीन."

याहून शहाणपणाचं बोलणं त्या दिवशी त्या इमारतीत कोणी केलं नाही. श्रीधरला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्याच्या अंगाचा भडका झाला.

"ताई, टायपिंग तुमचं काम आहे," तो म्हणाला. "हे माझं आहे. मले शिकवू नका."

ती मागे सरली.

दुपारी सव्वाबाराला काम सुरू झालं. पडद्यावर टक्के चढू लागले. पाच. नऊ. चौदा. पहिली डिस्क मधेच अडे, कट् करी, दम घेऊन पुढे जाई. श्रीधरने डब्याचं झाकण काढून ठेवलं, डिस्कला हात लावून पाहिला तर चटका बसला. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. खिडकीच्या गजांनाही हात लावता येत नव्हता.

"कूलर लावा," तो गोपिकेला म्हणाला.

"वाफ?"

"वाफ चालीन. आता गरमी नाही चालत. लावा."

तिने कूलर लावला. खसचा ओला वास आला. सव्वीस. एकतीस. तीस ते चाळीस टक्क्यांमध्ये पाऊण तास गेला. गोपिकेने डबा आणला होता, तो तिने उघडला नाही. अठ्ठेचाळीस. श्रीधर मशीनसमोर मांडी घालून बसला होता, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा. बावन्न. पंचावन्न. मग एक आवाज आला, कट् नव्हे, घरघर नव्हे. पाटीवर नख ओढल्यासारखा. तो दहा-बारा सेकंद चालला आणि थांबला. पडद्यावरचा आकडा पंचावन्नवर उभा राहिला.

श्रीधरने एक मिनिट वाट पाहिली. मग पाच. मग त्याने मशीन बंद करून थंड होऊ दिलं, परत लावलं. पहिली डिस्क फिरलीच नाही. त्याने ती काढली, हातात घेऊन हलकेच हिसका दिला, परत लावली. कधी कधी त्याने चालते. नाही चालली. दुसरी डिस्क फिरत होती, पण तिच्यावर आता वरची अर्धी नवी नावं होती, खालची अर्धी जुनी, आणि कोणतं पान कुठे आहे हे सांगणारी यादी दोन्हींच्या मधोमध फाटलेली.

"गेलं?" गोपिकेने विचारलं.

त्याने मान हलवली. ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात तिने कीबोर्डवर ठेवले, टाइप करायला ठेवतात तसे. काही टाइप केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. डॉक्टरांनी ओमप्रकाशला बोलावून घेतलं होतं. ओमप्रकाशने सर्व्हरला हात न लावता, बाजूला आपल्या दुकानातला एक कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर उद्घाटनाच्या वेळची नमुन्याची यादी लावली: 'अ', 'ब', 'क' अशी दोनशे खोटी माणसं. पाहुण्यांनी बटणं दाबून पाहिली, वाहवा केली, संत्र्याचा रस घेतला आणि दुपारच्या विमानाने परत गेले.

श्रीधर त्या दिवसापासून तीन दिवस आतल्या खोलीत बसून होता. उरलेल्या डिस्कमधून त्याने काय मिळेल ते ओरबाडून काढलं. नावं निघाली, पण नंबर भलतेच. केळवदच्या म्हाताऱ्याला खाप्याच्या पोरीचा नंबर. कोणती ओळ खरी, कोणती खोटी, हे ओळखायला काही खूणच नव्हती. चौथ्या दिवशी गणपतराव आले. त्यांनी तो छापलेला गठ्ठा चाळला. प्रयोगशाळेची वही शेजारी ठेवली. वहीत निकाल एकदम स्पष्ट होते: नंबर ६१२, दोष अर्धा. नंबर ६१३, दोष नाही. नंबर ६१४, पुरा आजार.

"सहाशे बाराच्या दिवशी मी बडेगावले होतो," गणपतराव हळूच म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी एकोणतीस माणसं झाली. गाव सांगतो मी. पण त्यातला बारा कोण अन् चौदा कोण, ते कसं सांगू?" मग त्यांनी गठ्ठा मिटला. "हे वाटता नाही येत, श्रीधर. चांगल्याले खोटा म्हटलं तर एक संसार मोडीन. खोट्याले चांगला म्हटलं तर त्याहून वाईट."

"परत रक्त घेता येईल ना?"

गणपतरावांनी सायकलची किल्ली दोनदा या हातातून त्या हातात केली.

पहिली डिस्क मुंबईला पाठवली. ती तशीच परत आली. त्याच आठवड्यात ओमप्रकाशने श्रीधरला दुकानात बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की दुरुस्तीचं काम व्यवस्थित चालू असताना ऑपरेटर श्रीमती निनावे यांनी खोलीतला कूलर सुरू केला, त्यामुळे वीजदाब एकाएकी खाली आला आणि डिस्क निकामी झाली.

"मशीनला स्टॅबिलायझर आहे," श्रीधर म्हणाला. "कूलरनं काही होत नाही. अन् कूलर मीच लावायला सांगितला."

"तिनं लावला की नाही लावला?"

"लावला."

"मग खोटं काय लिहिलं?" ओमप्रकाश पुढे झुकला. आवाज त्याने मऊ केला. "देख भाई. डॉक्टरले कोणाचं तरी नाव पाहिजे. पडदा कोणी बंद केला, रद्दी कोणी विकली, हे त्याईले लिहायचं नाही. टेप कुठं गेला, हे आपल्याले लिहायचं नाही. तो टेप नेतानाची पावती कोणाच्या सहीची आहे? तुझ्या. मग आता तूच सांग."

श्रीधरने कागद दोनदा वाचला. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि सारा कागद खोटा होता. त्याने सही केली.

गोपिकेला एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. श्रीधर त्या दिवशी बँकेच्या मशीनच्या कामात होता. निदान घरी त्याने तसं सांगितलं.

घरी त्याची बायको शामला होती. ती मूळची केळवदची. तिच्या धाकट्या भावाचं, चंद्रभानचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगी खाप्याची. दोन्ही घरांनी जानेवारीत गणपतरावांपुढे हात केले होते, आणि त्यांना तयार केलं होतं ते खुद्द श्रीधरनेच. 'आमच्याच मशीनमध्ये येते सगळं,' तो तेव्हा ऐटीत म्हणाला होता.

मेच्या पहिल्या रविवारी सासरे चंपतराव नागपूरला आले. लग्नाच्या पत्रिका गांधीबागेत छापायला दिल्या होत्या. जेवण झाल्यावर ते पान लावता लावता म्हणाले, "जावाईबापू, ते रक्ताचं काय निघालं? तुमच्याच हाती आहे म्हणून विचारून राहिलो. म्हटलं तारखेच्या आधी कळलं म्हणजे मोकळं."

शामला दारात येऊन उभी राहिली.

"मामा, ते मशीन बिघडलं," श्रीधर म्हणाला. "सगळं गेलं. परत रक्त द्यावं लागीन. चंद्रभानचं अन् तिकडल्या पोरीचं. दोघाईचंच आधी करून घेऊ, मी गणपतरावाले सांगतो. आठ दिवसांत कळते."

चंपतरावांचं पान तसंच हातात राहिलं. "परत?"

"एवढंसं तर रक्त लागते."

"रक्ताचं नाही म्हणत मी." चंपतराव समजावणीच्या सुरात बोलले, लहान पोराला सांगावं तसे. "सगळ्या गावाचं एकदा नेलं. आता आमच्या एका पोराचं दुसऱ्यांदा नेलं, तर लोक काय म्हणतीन? पोरात खोट निघाली म्हणून परत तपासून राहिले, म्हणतीन. अन् व्याह्याच्या घरी कोणत्या तोंडानं जाऊ? तुमच्या पोरीचं रक्त परत द्या म्हणू? उद्याच सोयरीक मोडते."

"मामा, पण दोघातही दोष असला तर—"

"असला तर असला. आमच्या आज्यापणज्यानं काय तपासून लग्न केले का?" मग त्यांनी थेट त्याच्याकडे पाहिलं. "मागच्या वेळी तुमच्या सांगण्यावरून दिलं, जावाईबापू. तेव्हा तुम्ही म्हटलं, माह्या मशीनमधी आहे, काळजी नको. आता काय सांगता?"

शामला आत गेली. चंपतराव गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "कोणाच्या हातून बिघडलं?"

"तिथल्या ऑपरेटरनं कूलर लावला," तो म्हणाला. कागदावरचं वाक्य आता त्याच्या तोंडून आपोआप आलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. श्रीधरने जावयाचा मान घेतला, टोपी-उपरणं घेतलं, पंगतीत वाढलं. पंगतीला गणपतरावही होते. डिस्क गेल्यापासून ते पुन्हा गावोगाव फिरत होते. खाप्याला एका म्हातारीने त्यांना दारातच विचारलं होतं, "मागच्या वेळचं रक्त काय केलं गा? विकलं का?" बडेगावला पोरांनी सायकलची हवा सोडली. महिनाभरात त्यांना एकशे चाळीस माणसं मिळाली होती, साडेआठ हजारांतली. हे त्यांनी तक्रारीने सांगितलं नाही. पाण्याचा ग्लास पिता पिता सांगितलं आणि मग नवरा-नवरीकडे बघून ते म्हणाले, "जोडा शोभते." श्रीधरला पानावरून उठावंसं वाटलं, पण उठता येत नव्हतं, जावई उठला तर पंगत उठते.

जूनमध्ये दिल्लीहून तीन तालुक्यांची मंजुरी आली. नव्या मशीनची ऑर्डर ओमप्रकाशलाच मिळाली. या वेळी डिस्का चार, टेप वेगळा, एसी दोन. बसवायला श्रीधर गेला. गोपिकेच्या खुर्चीवर कॉलेजातून नुकतीच निघालेली एक मुलगी होती. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मागच्या वेळी तुमची काही चूक नव्हती, उमाळे. माणसं नीट मिळत नाहीत, काय करणार." त्या मुलीने त्याला 'सर' म्हणून चहा दिला.

त्या रविवारी सकाळी तो गोळीबार चौकात गेला. विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर गोपिका सुताच्या गुंड्या सोडवत बसली होती. इतवारीतल्या एका साडीच्या दुकानात घड्या घालायला जाते, असं तिच्या आईनेच आतून सांगितलं. रुग्णालयातून मशीन बिघडवून काढलेली बाई म्हणून दुसऱ्या कोणी टायपिंगला ठेवलं नाही, हेही तिनेच सांगितलं.

गोपिकेने त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं.

"ताई, कूलर मी लावायला सांगितला होता," श्रीधर म्हणाला.

"मले माहीत आहे. मी तिथंच होते."

"मी सही केली त्याच्यावर. मी... मले तेव्हा..." तो थांबला. "माझं चुकलं. डिस्क काढून ठेवा म्हणत होत्या तुम्ही. तेच बरोबर होतं. हे सांगायलेच आलो."

तिने गुंडी बाजूला ठेवली. रागावली नाही, रडलीही नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"श्रीधरभाऊ, हे तुम्ही मले सांगून काय होईन?" ती म्हणाली. "मले तर माहीतच आहे. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा. तुम्ही कागदावर लिहिलं म्हणून मी गेली. आता कागदावरच लिहा."

ती उठून आत गेली. वहीचं एक पान आणि पेन घेऊन आली. ओट्यावर त्याच्यासमोर ठेवलं. पान वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

श्रीधरने पेन उघडलं. 'मी, श्रीधर उमाळे, लिहून देतो की,' एवढं लिहिलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे टेपच्या पावतीवरची सही आली, आणि शामला आली, दारात उभी. हा कागद डॉक्टरांकडे गेला की ओमप्रकाशकडे जाणार, ओमप्रकाशकडून केळवदला जायला किती वेळ? मग चंपतराव म्हणणार, ज्याने आमच्या पोराचं रक्त हरवलं तो दुसरा कोणी नव्हताच.

"असं हाताचं लिहिलेलं ते मानत नाहीत," तो म्हणाला. "मी उद्या लेटरहेडवर टाइप करून आणतो. नीट. तारीख-वार टाकून."

आतून तिच्या आईच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"बरं," गोपिका म्हणाली. "आणा."

तिने तांब्या उचलला, अर्धी ओळ लिहिलेलं पान घेतलं, घडी करून वहीत ठेवलं आणि सुताची गुंडी परत मांडीवर घेतली. श्रीधर चपला घालून निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याला वाटत होतं की मागून हाक येईल. आली नाही.

सोमवारी त्याने दुकानात लेटरहेडचा एक कागद टाइपरायटरमध्ये घातला. तेवढ्यात कामठीहून फोन आला, तो निघून गेला. मंगळवारी त्याच कागदावर ओमप्रकाशने कोणाला तरी कोटेशन टाइप करून दिलं. त्यानंतर श्रीधरने दुसरा कागद घातला नाही. इतवारीत काम निघालं तर तो गोळीबार चौक टाळून, रेल्वेच्या पलीकडच्या लांब रस्त्याने जाऊ लागला. पेट्रोल जास्त जातं म्हणून ओमप्रकाशने एकदा हटकलं, तेव्हा तो म्हणाला, चौकात गर्दी असते.